माजघरापलीकडची रेंज

आमच्या घरी पाहुणे आले की पाण्याच्या तांब्याबरोबर एक सूचनाही दिली जायची. "नेट हवं असेल तर ओटीवर बसा, झोपाळ्यावरही चालेल. माजघराच्या उंबऱ्याशी नशीब असेल तर एखादी कांडी दिसेल. स्वयंपाकघरात फक्त चहा मिळतो."

दापोलीजवळचं हे घर पणजोबांनी बांधलेलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, चांगल्या दीड हात जाड. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मग मागची पडवी, अशी आगगाडीच. गावात फायबर आलं तेव्हा जोडणीला आलेल्या मुलाने खांबावरून वायर ओढली, खिडकीतून आत घेतली, ओटीवरच्या लोखंडी कपाटामागे राउटर ठेवला आणि फटफटीला किक मारली. कपाटामागे आणखी तीन खोल्या आहेत, हे त्याला आम्हीही सांगितलं नाही.

गणपतीला मुलगा आला, तो ऑफिस पाठीवर घेऊनच. त्याच्यासाठी मी फोनवर स्पीड मोजत घरभर हिंडलो, पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन हिंडतो तसा. राउटरसमोर नव्वद, माजघरात अकरा, चुलीपाशी शून्य. तेव्हा कळलं की आमच्या वाय-फायच्या दोन लहरी आहेत. ५ गिगाहर्ट्झची झपाझप पळते, पण भिंत दिसली की तिचा दम जातो. २.४ची सावकाश चालते आणि भिंतीपलीकडे थोडीफार पोचते. त्यात जांभा सच्छिद्र. पावसाळाभर पाणी पिऊन बसतो, आणि पाणी या लहरी गिळतं. आमच्याकडे श्रावणात रेंज वैशाखापेक्षा खाली जाते, हे मी आता पंचांगात लिहून ठेवायला तयार आहे.

आधी स्वस्तातला रिपीटर आणला आणि माजघरात लावला. फोनवर कांड्या भरघोस दिसू लागल्या, नेट मात्र तसंच रखडत. रिपीटर म्हणजे निरोप्या. त्याच्याच कानावर अर्धं येत असेल तर तो पुढे पुरं कुठून सांगणार? शिवाय एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्यावरच बोलायचं, त्यात निम्मा वेग जातो. चूक त्याची नव्हती. त्याला मी बहिऱ्या जागी बसवला होता.

हे घर बांधलंच होतं आवाज अडवायला. ओटीवर जमिनीची बोलणी, खोताचे हिशेब, लग्नाच्या याद्या व्हायच्या, त्यातलं काही आत जाऊ नये. आतलं रडणं-हसणं बाहेर येऊ नये. काकू सून म्हणून आल्या तेव्हा ओटीवर काय ठरलं हे त्यांना रात्री ताटं घासताना कळायचं. पणजोबांची भिंत अजून तेच काम चोख करत होती. काकूंचं कीर्तन दर दोन मिनिटांनी गोल गोल फिरत राहायचं आणि त्या फोन पिठाच्या डब्याला टेकवून निमूट वाट बघायच्या. त्यांनी तक्रार केली नाही. सवय होती.

शेवटी वायरमनला बोलावलं. भिंत फोडायला तो राजी नव्हता, मीही नव्हतो. वाट सापडली ती माळ्यावरून. ओटीवरच्या राउटरपासून नेटची (इथरनेट) केबल वर नेली, तुळईच्या कडेने माजघर ओलांडलं आणि फळीला भोक पाडून खाली उतरवली. शंभर मीटरपर्यंत ही केबल कुरकुरत नाही, आमचं काम वीस-बावीस मीटरांत झालं. उंदरांसाठी प्लास्टिकची नळी चढवली. दुसरा राउटर स्वयंपाकघराच्या दारावर उंच बसवला, नाव-पासवर्ड पहिल्याचाच, म्हणजे फोन आपोआप इकडचा तिकडे जातो. पहिल्यालाही कपाटामागून सोडवून पागोट्याच्या खुंटीवर टांगलं. हे फुकटचं काम मी सर्वात आधी करायला हवं होतं.

आता घरात सर्वात चांगली रेंज चुलीपाशी आहे. मुलगा लॅपटॉप घेऊन तिथेच पाटावर बसतो. कुकरची शिट्टी झाली की माईक बंद करतो आणि परवा ते विसरल्यामुळे सगळ्या टीमला आमच्या वरणाची वेळ समजली. कीर्तन अखंड चालू असतं. काकू मध्येच ते थांबवतात, चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात.

"झाली का रे मीटिंग? मग हा नारळ खवून दे."