नंबर लावून बघितला तेव्हा

दहावीच्या पालकसभेत मी समुपदेशक म्हणून बोलत होते. हातात मानसिक आरोग्याचं पत्रक होतं, पाच हेल्पलाइन क्रमांकांचं. मागच्या रांगेतल्या एका आईने तिथेच आपल्या बटणाच्या फोनवरून पहिला नंबर लावला. स्पीकरवर आवाज आला, "हा क्रमांक अस्तित्वात नाही." सभेत साठेक पालक होते, सगळ्यांनी ऐकलं.

मग भाषण थांबवलं आणि राहिलेले चारही नंबर पालकांच्याच फोनवरून लावले. एक जिल्हा रुग्णालयाचा लँडलाइन निघाला, नुसता वाजत राहिला. दुसरा दहा ते पाचच चालणारा, आणि मुलं खचतात ती बहुधा रात्री. तिसरीकडे मराठी बोलणारं कोणी नव्हतं. पहिल्याच फटक्यात लागला तो १४४१६, म्हणजे टेली-मानस. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते. नंबर टोल-फ्री आहे, त्यामुळे बॅलन्स लागत नाही. आधी भाषा निवडायला सांगतात. मराठी निवडून थांबायचं. त्या थांबण्यातच मुलं फोन ठेवून देतात, म्हणून "थोडा वेळ लागेल, ठेवू नकोस" हे पत्रकाऐवजी द्यायच्या कार्डावरच लिहायला हवं.

त्या आईने आणखी एक गोष्ट दाखवली. पत्रकातले आकडे मराठीत होते आणि तिच्या फोनच्या बटणांवर इंग्रजी. प्रत्येक आकडा ती लेकीला विचारून दाबत होती. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पत्रकाची गतही तीच: नंबर चित्रात असला की त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. तो संदेशातच टाईप करायला हवा.

सभेनंतर मुख्याध्यापक सरांबरोबर शाळाभर फिरले. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शिक्षणसंस्थांना हेल्पलाइन क्रमांक वर्गांत, वसतिगृहांत आणि सगळ्यांच्या वावराच्या जागी ठळक अक्षरांत लावायला सांगितलं आहे. आमचा फलक होता ऑफिसच्या दारावर. शिपाई, क्लार्क, दोन सर यांच्या देखत कुठलं पोर तिथे उभं राहून नंबर उतरवून घेईल? एकटेपणी वाचता येईल अशी जागा म्हणजे स्वच्छतागृहाच्या दाराची आतली बाजू. तिथे खालून फाडून नेता येतील अशा पट्ट्यांचा कागद लावला. एक पट्टी आधीच फाडून ठेवली. पहिली फाडायला कोणी धजत नाही.

मजकूर बदलायला सगळ्यात जास्त वेळ गेला. "मानसिक आजार" हा मथळा दिसला की घरचे कागद घडी घालून ठेवतात, आपल्या पोराला वेड लागलंय का म्हणून. "गरज भासल्यास संपर्क साधा" हेही कुचकामी, कारण गरज कधी भासली म्हणायची हेच कोणाला ठाऊक नसतं. म्हणून खुणा लिहिल्या: दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलंय, आवडीचं काही नकोसं झालंय, "मी नसलो तर बरं" असं मूल बोललंय. यातल्या शेवटच्या खुणेला दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी मुलाजवळ बसायचं, एकटं सोडायचं नाही, फोन लावायचा. जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. घरातच मारहाण किंवा अत्याचार होत असेल तर १०९८, चाइल्डलाइन. हा नंबर पालकांच्या कार्डावर पुरत नाही, मुलांच्या पट्टीवर हवाच.

मुलींनी विचारलं, फोन पप्पांचा आहे, मग? लावलेला नंबर यादीत राहतोच. अशांसाठी शाळेतला एक फोन मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत ठेवायचं ठरलं. दार लोटलेलं, मी बाहेर.

कार्डावर पाच नंबरांच्या जागी दोनच ठेवले, १४४१६ आणि १०९८; जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचे ओपीडीचे वार मागे लिहिले. दर सत्राच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक नंबर लावून बघायचा आणि तारीख कार्डाच्या कोपऱ्यात टाकायची.

राहता राहिले सभेला न आलेले पालक. बहुतेक ऊसतोडीला गेलेले. मुलांच्या हाती कार्ड दिलं तर ते दप्तरातच राहतं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "बाई, हॉलतिकीट मात्र घरातलं प्रत्येक जण हातात घेऊन बघतं." सही-शिक्क्यासाठी आलेला गठ्ठा टेबलावरच होता. संध्याकाळी आम्ही दोघींनी एकेका हॉलतिकिटाला कार्ड टाचलं, बैठक क्रमांक झाकला जाणार नाही असं.