आमची वाटचाल : घड्याळापासून रिटर्न लाइनपर्यंत

आमची पहिली सीआयपी (क्लीन-इन-प्लेस, म्हणजे पाइप आणि टाक्या न उघडता जागेवरच आतून धुणारी) युनिट्स अगदी साधी होती. कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं द्रावण), ॲसिड आणि पाण्याच्या तीन टाक्या, एक पंप, एक हीट एक्स्चेंजर आणि हाताने फिरवायचे व्हॉल्व्ह. वॉश किती वेळ चालवायचा, हे ऑपरेटर घड्याळ बघून ठरवायचा. मग पीएलसी (यंत्र आपोआप चालवणारा कंट्रोलर) आला, व्हॉल्व्ह आपोआप उघडू-मिटू लागले, पण घड्याळ तेच राहिलं, फक्त पॅनेलच्या आत गेलं. पंप सुरू झाला की टायमर सुरू. लाइन थंड असेल तर वीस मिनिटांच्या वॉशमधली पहिली सात-आठ मिनिटं ती तापण्यातच जायची आणि रिपोर्टवर मात्र पूर्ण वीस मिनिटं छापून यायची.

म्हणून तापमान आणि कंडक्टिव्हिटीचे (द्रावण किती तीव्र आहे ते सांगणारे) सेन्सर आम्ही रिटर्न लाइनवर, म्हणजे धुऊन परत येणाऱ्या द्रावणाच्या पाइपवर नेले. परत येणारं कॉस्टिक 75 अंश आणि दीड टक्का असेल तेव्हाच मिनिटं मोजायची. खाली घसरलं की मोजणी थांबते. पहिलं खळबळणं कोमट पाण्यानेच. फार गरम पाणी घेतलं तर प्रथिनं स्टीलला चिकटून बसतात आणि पुढे कॉस्टिकचं काम वाढतं.

प्रवाहाचा हिशेब मात्र आजही अनेक ठिकाणी चुकलेला दिसतो. पाइपमध्ये वेग सेकंदाला किमान दीड मीटर हवा. दोन इंची पाइपला त्यासाठी तासाला साधारण 10 हजार लिटर लागतात, तीन इंचीला 22 हजारांच्या वर. एकाच सर्किटमध्ये दोन्ही असले आणि पंप दोन इंचीच्या हिशेबाने घेतला, तर तीन इंचीत पाणी नुसतं सरकतं, घासत नाही. रसायन वाढवून ही उणीव भरून निघत नाही.

टाकीचं गणित वेगळं. परिघाच्या दर मीटरला मिनिटाला सुमारे 30 लिटर, म्हणजे दोन मीटर व्यासाच्या उभ्या टाकीला 190 लिटर. रिटर्न पंप तेवढं ओढत नसेल तर तळाशी डबकं साचतं आणि तिथला थर निघतच नाही. गरम कॉस्टिकमागोमाग थंड पाणी सोडायचं असेल तर व्हेंट मोठा आणि मोकळा हवा; नाहीतर आतली वाफ एकदम आटते आणि टाकी पिचकते.

युनिट सोपवण्याआधी टाकीत रायबोफ्लेविनचं (यूव्ही प्रकाशात चमकणाऱ्या जीवनसत्त्वाचं) द्रावण फवारून, नुसत्या पाण्याचा वॉश देऊन, यूव्ही दिव्याखाली बघतो. जिथे पाणी पोहोचलं नाही तिथे उरलेली पिवळसर-हिरवी चमक बहुतेक वेळा एकाच जागी सापडते : ढवळणीच्या पात्याखाली. तिथे दुसरा स्प्रे बॉल (चहूकडे पाणी फवारणारा भोकांचा गोळा) बसवावा लागतो.