भरती आली की सुरय कुठे जातात? ऐरोली ते सीवूड्स, मार्चमधला एक दिवस

मार्चमध्ये ठाणे खाडीवर लोक येतात ते फ्लेमिंगोंसाठी. मी आणि माझी मामेबहीण यंदा गेलो ते सुरयांसाठी. सुरय म्हणजे टर्न. कुरव, म्हणजे गल, हा त्याचा जाडजूड भाऊबंद. दुरून दोन्ही पांढरेच दिसतात, पण सुरयाची चोच टोकदार आणि पंख निमुळते असतात. उडताना तो मान खाली घालून पाणी न्याहाळत जातो. एवढं लक्षात ठेवलंत तरी पहिल्या दिवसाला पुरे.

दिवस ठरवला तिथी बघून. आजीने शिकवलेला कोकणातला हिशेब असा: अमावास्या किंवा पौर्णिमेपासून तिथी मोजायची आणि तिची पाऊणकी काढायची, तेवढ्या वाजता भरती. आम्ही प्रतिपदा निवडली, म्हणजे मुंबईला साधारण पाऊण वाजता. खाडीत वर चढायला पाण्याला आणखी थोडा वेळ लागतो. हा ढोबळ अंदाज आहे, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यातच बघा. पण बघितल्याशिवाय निघू नका, कारण या सहलीत सगळं पाण्यावर अवलंबून आहे.

ऐरोली स्टेशनवरून रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठलं. तिथली बोट भरतीच्या वेळेनुसार सुटते, म्हणून आधी फोन करून जागा राखून ठेवा. आम्हाला पावणेअकराची मिळाली. पाणी चढत होतं आणि दोन्ही बाजूंना चिखलाचे पट्टे अजून उघडे होते. मला हीच वेळ सर्वात आवडते. जागा कमी होत जाते तसे पक्षी दाटीवाटीने जवळ येतात.

चिखलावर सगळ्यात कामसू होता तो गल-बिल्ड टर्न. जाड काळी चोच, आणि सुरय असूनही पाण्यात सूर मारत नाही. चिखलावरून संथ उडत येतो आणि खाली झुकून खेकडा किंवा निवटी (चिखलात राहणारा छोटा मासा) उचलतो. नाखवांनी बोट मंद केली आणि म्हणाले, "ताई, निवटी पकडायला आम्हाला किती खटपट, याला बघा!" मधल्या प्रवाहावर एक कॅस्पियन सुरय होता, गाजरासारखी लालभडक चोच, आकाराने जवळजवळ कुरवाएवढा. हा मात्र उंचावरून थेट पाण्यात कोसळतो. कल्लेदार सुरय पाण्याच्या पृष्ठभागावरून अलगद टिपत होते. त्यातल्या दोघांच्या पोटावर करडा रंग चढायला लागला होता.

हा करडा रंग म्हणजे विणीची तयारी. कल्लेदार सुरय गोड्या पाण्यातल्या तरंगत्या वनस्पतींवर घरटं करतो, काश्मीरच्या सरोवरांत आणि गंगेच्या खोऱ्यात. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरं असतं. मार्चमध्ये ते तपकिरी होतं आणि पक्षी लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकडे निघतात. इथे त्यांचं एकही घरटं नाही. खाडी हे त्यांचं स्वयंपाकघर, पुढच्या प्रवासाची चरबी इथल्या चिखलातून साठते. आर्क्टिक सुरय दर वर्षी सुमारे 70,000 किलोमीटर उडतो हे आपण कौतुकाने सांगतो. पण आपल्या दारातल्या कुरवाने हिमालय ओलांडावा, हे मला त्याहून कमी वाटत नाही.

बारा वाजता उतरलो. चिखल बुडत आला होता. आता शीर्षकातला प्रश्न. कुरव पाण्यावर आरामात तरंगतात. सुरयाचे पाय इवलेसे, तो पाण्यावर क्वचितच बसतो. त्याला टेकायला कोरडी किंवा उथळ जागा लागते, आणि ऐन भरतीला ती खाडीत उरत नाही.

म्हणून पनवेलची गाडी पकडून सीवूड्सला गेलो. (ऐरोलीहून पनवेलचीच गाडी घ्या. वाशीची घेतलीत तर नेरूळकडे जायला मध्येच गाडी बदलावी लागते.) डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेजवळच्या तलावाच्या काठी सव्वाला पोहोचलो आणि उथळ पाण्यात सुरयांची रांगच्या रांग, सगळी तोंडं वाऱ्याच्या दिशेला. भरतीचे ते दोन-तीन तास या पाणथळ जागा नसतील, तर खाडीत कितीही खाद्य असून उपयोग नाही. त्या बुजवायला निघालेल्या माणसाने एकदा भरतीच्या वेळी इथे येऊन उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

काठावरूनच बघा. जवळ गेलात तर अख्खा थवा उठतो आणि साठवलेली शक्ती वाया जाते. चिखलात तर मुळीच उतरू नका, माणूस मांडीपर्यंत रुततो. 8×42 ची दुर्बीण पुरते. टोपी आणि दोन लिटर पाणी हवंच, काठावर सावली नाही. आणि कुरवांना शेव-गाठ्या टाकू नका. हे मासे-खेकडे खाणारे पक्षी आहेत आणि त्यांना लांब जायचं आहे.

पावसाळ्यात वेगळीच गोष्ट घडते. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर वीण करणारा ब्रायडल्ड टर्न किंवा खोल समुद्रातला मास्क्ड बूबी वादळी वाऱ्यात भरकटतो आणि दमून शहरात पडतो. असा पक्षी सापडला तर परत समुद्रात फेकू नका, चोचीत पाणी घालू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याच्या 1926 वर कळवा.

तीनच्या सुमाराला ओहोटीने चिखल पुन्हा उघडा पडू लागला तसे सुरय दोघे-चौघे करून खाडीकडे निघाले. एक छोटा सुरय, पिवळी चोच, मात्र मासा धरून उलटा तलावाकडे आला. गिळला नाही. रांगेत बसलेल्या एका मादीपुढे उतरला, मान ताठ केली आणि मासा पुढे केला. नर असाच मागणी घालतो. पुढे कुठल्यातरी बोडक्या वाळूवर नखभर खळगा, त्यात दोन-तीन अंडी आणि तीनेक आठवडे उबवणं. मादी दोन पावलं सरकली. तो मासा तसाच चोचीत घेऊन पुन्हा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. बहिणीने घड्याळाकडे बघितलं, आणि आम्ही ती गाडी सोडून दिली.