पाठीमागचे त्रिकोण

रविवार, रात्री उशिरा

अस्तित्वात नसलेल्या इमारतीचे प्रदर्शन पाहायला जायचे म्हणजे समाचाराला जाण्यासारखेच, असे सकाळी निघताना वाटत होते. दिल्लीच्या प्रगती मैदानावरची ‘हॉल ऑफ नेशन्स’ ही इमारत एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडण्यात आली, तेव्हा तिचे वय अवघे ४५ वर्षांचे होते. प्रदर्शनात मात्र सुतकी वातावरण अजिबात नव्हते. दारातच ठेवलेल्या मोठ्या प्रतिकृतीखाली डोके घालून एक सात-आठ वर्षांची मुलगी वर पाहत होती, आणि तिची आई तिला ओढून बाहेर काढत होती. खरे तर पाहण्याची योग्य जागा त्या मुलीलाच सापडली होती.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ मध्ये, ‘आशिया ७२’ या व्यापार मेळ्यासाठी ही इमारत उभी राहिली. वास्तुविशारद राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांनी, मध्ये एकही खांब न घेता, सुमारे ७८ मीटर रुंदीचे दालन केवळ त्रिकोणांच्या गुंफणीवर तोलून धरले. असा त्रिमितीय सांगाडा एरवी पोलादी नळ्यांचा करतात. परंतु त्या काळी आपल्याकडे पोलाद महाग आणि दुर्मीळ, माणसांचे हात मात्र मुबलक, म्हणून तोच सांगाडा जागेवर ओतलेल्या काँक्रीटचा करायचे ठरले. अडचणीतून निघालेल्या या वाटेने एक अनपेक्षित लाभही दिला. सांगाडा इतका जाड झाला की तो स्वतःच ऊन अडवू लागला, आणि जुन्या वाड्या-महालांतली दगडी जाळी जे काम करते, तेच काम भिंत व छप्पर मिळून करू लागले.

मदन महत्ता यांनी टिपलेल्या कृष्णधवल छायाचित्रांसमोर मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले. सेंटरिंगच्या फळ्या, बाहेर डोकावणाऱ्या सळया आणि त्या अजस्र जाळीपुढे मुंगीएवढी दिसणारी माणसे. आधुनिक वास्तुकलेला यंत्रयुगाची कला म्हणण्याची पद्धत आहे. ही इमारत मात्र घमेल्याघमेल्याने, हातांनी घडली. रेवाल आणि राज यांची नावे फलकावर आहेत आणि ती असायलाच हवीत, परंतु सांध्यासांध्यात काँक्रीट ठासून भरणाऱ्यांचे एकही नाव तिथे नाही, हे मला खटकले.

शेवटच्या भिंतीवर लोकांनी पाठवलेले घरगुती फोटो होते. त्यांत इमारत अशी कुठेच नव्हती. कडेवरचे मूल, नव्या स्वेटरमधले काका, फुगा धरलेली बहीण, आणि प्रत्येकाच्या डोक्यामागे कुठेतरी कापले गेलेले दोन-चार काँक्रीटचे त्रिकोण. वर मोठ्या अक्षरांत ‘लोकांचे प्रेम’ असे लिहिले होते. तेवढे मला पटले नाही. त्या वेळी कोणीही याला प्रेम म्हटले नसते, निदान आमच्या घरात तरी नाही. १९८९ च्या नोव्हेंबरात बाबांनी मला तिथला व्यापार मेळा दाखवायला नेले होते. उघड्या काँक्रीटकडे पाहून ते म्हणाले होते, “रंग द्यायचा राहिलेला दिसतोय.” मी छताकडे पाहिले की नाही, ते आता आठवत नाही, पाय दुखत होते आणि आत आवाज घुमत होता, एवढे मात्र पक्के आठवते.

पाडकामाची हकीकत एका कोपऱ्यात थोडक्यात मांडली होती. साठ वर्षे न भरलेल्या इमारतीला वारसा म्हणता येणार नाही, ही भूमिका तिच्या मुळावर आली. या नियमातला विरोधाभास मला अजूनही उलगडत नाही: साठ वर्षे टिकल्याशिवाय संरक्षण नाही, आणि संरक्षणाशिवाय साठ वर्षे टिकण्याची हमी नाही. नवे सभागृह हवे होते, मैदानावरची जागा अपुरी होती, ही कारणे खोटी नव्हती; तरीही जगभरच्या वास्तुविशारदांची विनंतीपत्रे समोर असताना एवढी घाई कशासाठी केली, हा प्रश्न उरतोच. महेंद्र राज २०२२ मध्ये गेले, म्हणजे आपण उभे केलेले त्यांना स्वतःच्या हयातीतच पडलेले पाहावे लागले. तिथून पुढचे फलक मी वाचले नाहीत.

संध्याकाळी कपाटावरची जुन्या फोटोंची पेटी खाली काढली. दोन तास गेले, परंतु तो फोटो सापडला. बाबा मधोमध, मी त्यांच्या बोटाला धरून डोळे मिटलेली, आणि त्यांच्या डाव्या कानामागे अडीच त्रिकोण, थोडे अस्पष्ट. मागे त्यांच्या अक्षरात ‘दिल्ली, नोव्हेंबर १९८९’ एवढेच लिहिले आहे. इमारतीचे नाव नाही. आयोजकांनी असे फोटो अजून मागवले आहेत. उद्या दुपारी स्कॅन करून पाठवीन.