लॅपटॉपवाले आणि रोहित

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

दिवाळी संपली. डब्याच्या तळाशी उरलेला चिवड्याचा चुरा चहाबरोबर संपवत पेपर वाचला. काल सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या शेवटच्या वनडेत रोहितने नाबाद १२१ केले, त्यामुळे आज कौतुकाचा नुसता पूर. मालिका आपण २-१ हरलोय हे कुणाच्या गावीही नाही.

याच सिडनीत जानेवारीत कर्णधार असूनही तो कसोटीतून बाहेर बसला होता. त्याआधीच्या पाच डावांत मिळून ३१ धावा. मेलबर्नचा पहिला डाव तर डोळ्यांपुढून जात नाही. कमिन्सचा चेंडू, पुल मारू की नको अशी अर्धवट फिरलेली बॅट, आणि मिडऑनला बोलंडच्या हातात अलगद झेल. पुल हा रोहितचा हुकमी फटका! तिथेच फसला म्हटल्यावर लेखण्या सरसावणारच.

मग जुन्या पिढीतले फलंदाज विजय मर्चंट यांच्या नावावरचं निवृत्तीबद्दलचं ते वाक्य आलंच. लोक ‘का जातोस’ म्हणतात तेव्हाच जावं, ‘का जात नाहीस’ म्हणायची वेळ आणू नये. दर दोन-चार वर्षांनी एखाद्याच्या बोकांडी बसतं ते. मर्चंट १९५१ मध्ये दिल्लीत १५४ करून थांबले, खरंय. पण त्याच कसोटीत क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला होता, ते कुणी लिहीत नाही.

रोहितने जानेवारीच्या त्या सिडनी कसोटीत लंचच्या वेळी उत्तर दिलं होतं: माइक, लॅपटॉप नाहीतर पेन घेऊन बसलेल्यांनी आमचं आयुष्य ठरवायचं नाही. बाबा तेव्हा जाम खूश. “बरं सुनावलं! सचिनलाही असंच छळलं होतं.” मग त्यांची नेहमीची गाडी सुरू. २००६ ला वानखेडेवर आपल्याच लोकांनी सचिनची हुर्यो उडवली, २००७ च्या विश्वचषकानंतर ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार इयान चॅपेलने आरशात बघायला सांगितलं, आणि २०१० ला पठ्ठ्याने ग्वाल्हेरला द्विशतक ठोकलं.

२०१२ चा विषय काढला की मात्र बाबांना एकदम गुडघेदुखी आठवते. न्यूझीलंडविरुद्ध तीन डाव आणि तिन्हींत त्रिफळा. नंतर वानखेडेवर इंग्लंडच्या पानेसरने दोन्ही डावांत ८ वर काढला. पाय हलत नाहीत असं तेव्हा लिहिणारे काही त्याचे वैरी नव्हते.

रोहितचंही तेच. जानेवारीतच बीकेसीवर जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी खेळला, ३ आणि २८. मेमध्ये कसोटी सोडली. कसोटीपुरतं लॅपटॉपवाल्यांचं बरोबर होतं, माझं मत कालच्या शतकानेही बदललेलं नाही. वनडेत पहिली दहा षटकं वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक, उचलून मारायला मोकळं रान. कसोटीत तोच गोलंदाज तीन स्लिप लावून दिवसभर ऑफस्टंपच्या रेषेत टाकत राहतो. अडतिसाव्या वर्षी पहिलं जमतं, दुसरं नाही. पण एवढं सांगून स्तंभ भरत नाही ना! म्हणून एकदा ‘संपला’ आणि एकदा ‘परतला’. मार्चमध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलमध्ये ७६ करून हाच सामनावीर ठरला होता, म्हणजे तो गेला तरी कुठे होता? लिहिणाऱ्यांचा फॉर्म बघायला निवड समिती नसते, ही त्यांची मजा.

एवढ्या मजकुरात रोहितसारखंच सलामीला खेळणाऱ्या तरुण यशस्वी जयस्वालचं नाव शोधलं, सापडलं नाही. तिन्ही सामने बाहेर बसून बघितले त्याने. २०२७ च्या विश्वचषकात रोहित चाळिशीचा असेल. बाबांना म्हटलं, मग याला कधी खेळवायचं?

“तेवीस वर्षांचा तर आहे. थांबेल की!”

रोहितही असाच थांबला होता. वनडेत २००७ ला आला, पण पहिली कसोटी मिळाली २०१३ ला, सचिनच्या शेवटच्या मालिकेत. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, आणि त्याने १७७ केले.