आपल्याच घरात डोकावताना

हंपीच्या विजय विठ्ठल मंदिरात दगडी रथापुढे सगळे फोन वर धरून उभे असतात. ५० रुपयांच्या नोटेवरचा रथ आणि समोरचा रथ एकाच फोटोत बसवायची खटपट चालू असते. आमच्या ह्यांचाही फोन वर होता, पण त्यात घरी बसवलेल्या कॅमेऱ्यातून पुण्यातला आमचा हॉल दिसत होता. "सगळं ठीक आहे," हे म्हणाले. रिकाम्या सोफ्याला काय होणार होतं, कोण जाणे.

पूर्वी कुलूप ओढून बघायचं, दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर येऊन ओढायचं, समोरच्या काकूंकडे किल्ली द्यायची. साताऱ्यापर्यंत गॅसचं बटण छळायचं, पुढे इलाजच नसल्यामुळे आपोआप शांत वाटायचं. आता इलाज आहे, म्हणून शांतता नाही. बरं, कॅमेरा हॉलमध्ये, गॅस स्वयंपाकघरात!

शिवाय आमच्या साध्या कॅमेऱ्याला चोर ओळखता येत नाही. आधीच्या चित्रातले ठिपके पुढच्या चित्रात बदललेले दिसले की तो फोन वाजवतो. पडदा हलला, वाजव. रात्री भिंगासमोरून कोळी गेला, तर कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडच्या, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, उजेडात तो पांढराफेक आणि मांजराएवढा दिसतो. लॉजवर आम्ही दोघं रात्री दोन वाजता उठून त्या कोळ्याचा संसार बघत बसलो होतो. लाईट गेली की राउटर बंद, स्क्रीनवर नुसतं 'ऑफलाइन', आणि ह्यांचा जेवणावरचा रस संपला.

न्यूयॉर्कमधल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सने नवऱ्याबरोबर कॅमेऱ्यावर चालणारी घराच्या सुरक्षेची यंत्रणा तयार केली. १९६९ मध्ये तिचं पेटंट मिळालं. अवेळी घरी एकटं असताना दारात कोण आलंय, ते दार न उघडता तिला बघायचं होतं. तिची भीती दाराबाहेर उभी होती. आपण मात्र बाहेर भटकत असतो आणि भिंग आत रोखलेलं.

आणि आत कोण असतं? झाडांना पाणी घालायला येणाऱ्या मावशी. कॅमेऱ्याचं त्यांना आधीच सांगितलं होतं. न सांगता माणसावर नजर ठेवणं मला चोरीइतकंच वाईट वाटतं. पहिल्या दिवशी त्या कॅमेऱ्यापुढे पदर सारखा करून उभ्या राहिल्या, "ताई, तुळशीला घातलं हो," असं मोठ्याने सांगून गेल्या. पुढच्या खेपेला फोन वाजला, बघतो तर स्क्रीनभर आमचाच चौकटीचा पंचा. मागून पंख्याची घरघर आणि मावशींचं लेकीशी निवांत बोलणं ऐकू येत होतं.

कॅमेऱ्यातून बोलताही येतं. ह्यांनी घसा खाकरला. मी फोन काढून घेतला आणि आवाज बंद केला.