चिसितालिया डी४६, १:१२ : चौकट उभी राहिली, आता पुढच्या चाकांचं सस्पेन्शन

चिसितालिया डी४६ या १९४६च्या इटालियन रेसिंग कारचं १:१२ मॉडेल घडवणं चालू आहे. तिची चौकट अखेर जिगमधून, म्हणजे सांधे जोडताना भाग जागच्या जागी धरणाऱ्या साच्यातून, बाहेर काढली. सपाट काचेवर ठेवली तर चारही कोपरे टेकतात. या गाडीत चौकट हीच खरी गाडी, पत्रा नुसता अंगरखा. त्यामुळे बॉडी उचलून बाजूला ठेवता येईल असंच मॉडेल करायचं, हे माझं पक्कं आहे.

१९४६ साली तुरिनमध्ये नवं काही मिळण्याची मारामार होती. चिसितालियाचे मालक पिएरो ड्युसिओ यांच्या कारखान्यांत सायकलीही बनत. ड्युसिओंसाठी फियाटचे इंजिनिअर दांते जियाकोसा यांनी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या बारीक नळ्यांची चौकट आखली. इंजिन फियाट ११००चं, पुढचं सस्पेन्शन फियाटच्याच चिमुकल्या टोपोलिनो गाडीचं. मूळच्या ३२ हॉर्सपॉवरची साधारण ६० झाली आणि गाडीचं वजन ४०० किलोच्या आत राहिलं. घरगुती गाड्यांच्या सुट्या भागांतून इतकी देखणी रेसिंग कार निघावी, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मॉडेलच्या चौकटीचे पितळी रॉड जोडताना एक पथ्य पाळलं. मुख्य सांधे आधी सिल्व्हर सोल्डरने, तिरपे आधार नंतर कमी तापमानाच्या सोल्डरने. शेजारच्या सांध्यावर ओला कापूस गुंडाळला की तो सांधा सुटत नाही. चाकांमधलं अंतर मुळात सुमारे दोन मीटर, म्हणजे आपल्याकडे १६७ मिमी.

टोपोलिनोच्या पुढच्या बाजूला एकच आडवा पाटा असतो. तोच स्प्रिंग आणि तोच वरचा आर्म, खाली विशबोन, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराचा आर्म. पाट्यासाठी पितळ नको, ते वाकलं की वाकलेलंच राहतं. फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्या एकावर एक ठेवून बांधल्यात. बोटाने दाबलं की पुढचा भाग खाली बसतो आणि पुन्हा वर येतो!

इंजिनासाठी आपल्याकडे सोय आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन याच खानदानातलं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. ओळखीच्या गॅरेजात उघडा पडलेला ब्लॉक होता, त्यावरून प्रमाणांचा अंदाज घेतला. पद्मिनी बरीच नंतरची, म्हणून बाहेरचे बारकावे मात्र डी४६च्या जुन्या फोटोंवरूनच घेणार. ड्राय संपची, म्हणजे इंजिनाबाहेर वेगळी असणारी, तेलटाकी आणि तिचे पाइप तर वेगळे करावेच लागतील.

गाडी कोणाची करायची, तेही ठरलं. सप्टेंबर १९४६, तुरिनच्या वालेंतिनो बागेतली कोप्पा ब्रेत्झी ही शर्यत. जिंकले स्वतः ड्युसिओ, पण लोकांच्या लक्षात राहिले इटलीचे नामांकित रेसर, ५३ वर्षांचे नुव्होलारी. धावत्या गाडीचं स्टिअरिंग व्हील निखळून हातात आलं, तरी ते गाडी पिटपर्यंत घेऊन आले. माझी गाडी नुव्होलारींचीच, आणि व्हील काढता-घालता येईल असं.

पुढचं काम मागच्या अॅक्सलचं. तारेच्या चाकांचे स्पोक १:१२ला किती जाडीचे घ्यावेत, हे कुणी करून पाहिलं असेल तर जरूर सांगा. ०.३ मिमी स्टीलची तार आणून ठेवली आहे, पण ती मला जरा जाड वाटते.